आभासी क्षेत्रभेट आणि घरबसल्या शिक्षण : हिवरे बाजारच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणक, भ्रमणध्वनी आणि महाजाल यांच्या साहाय्याने विद्यार्थ्याला घरी बसून शिकता यावे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. तिच्या जोडीने गेल्या काही वर्षांत आणखी एक कल्पना शिक्षणक्षेत्रात रूढ झाली आहे. वस्तुसंग्रहालय, लेणी, किल्ला, एखादे आदर्श गाव अशा सांस्कृतिक स्थळांची भेटही विद्यार्थ्याला घरबसल्या, पडद्यावर घडविता येते, असे या कल्पनेत गृहीत धरलेले असते. अशा भेटीला सामान्यतः 'आभासी भेट' किंवा 'आभासी सहल' असे म्हटले जाते. प्रवासखर्च नाही, परवानग्यांची यातायात नाही, अपघाताची चिंता नाही आणि एकाच वेळी कितीही विद्यार्थ्यांना लाभ देता येतो, असे तिचे फायदे सांगितले जातात. हे फायदे खरे आहेत. तथापि एखादी गोष्ट सोयीची आहे, एवढ्यावरून ती शैक्षणिकदृष्ट्या पुरेशी आहे असे सिद्ध होत नाही.

या प्रश्नाला आज विशेष निकड आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांमध्ये क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभाग यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले आहेत. त्याच वेळी 'स्वयम्' या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी दिली आहे. एकीकडे क्षेत्राकडे जाण्याचा आग्रह आणि दुसरीकडे पडद्याकडे जाण्याची मुभा, अशा दोन प्रवाहांच्या संगमावर आजचे महाविद्यालय उभे आहे. पडद्यावरील भेटीलाच क्षेत्रकार्य समजण्याचा मोह अशा स्थितीत स्वाभाविक आहे. हा मोह कितपत समर्थनीय आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाच्या आधारे केली आहे. हे गाव निवडण्याचे कारण असे की, ते राज्यभरातील अभ्यास सहलींचे ठिकाण आहे आणि महामारीच्या काळात 'घरी बसलेला विद्यार्थी' हा प्रश्न त्या गावालाही स्वतःपुरता सोडवावा लागला होता. भेट देण्याचे स्थळ आणि भेटीस मुकलेला विद्यार्थी या दोन्ही बाजू येथे एकत्र येतात.

घरी बसलेला विद्यार्थी : २०२० ते २०२१

दूरस्थ साधनांनी शिकविण्याचे प्रयोग भारतात बरेच जुने आहेत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांमध्ये शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्गाचा कार्यक्रम सुरू केला. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली, तर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. या सर्व प्रयोगांमध्ये एक गोष्ट समान होती. दूरस्थ माध्यम हे वर्गाला पूरक होते किंवा वर्गात येऊ न शकणाऱ्या प्रौढासाठी होते. चालता वर्ग बंद करून त्याच्या जागी माध्यम बसविण्याचा प्रसंग मार्च २०२० पूर्वी आला नव्हता.

मार्च २०२० मध्ये तो आला. महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे घोषवाक्य पुढे आले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दैनंदिन अभ्यासमाला भ्रमणध्वनीवरून पाठविण्यास प्रारंभ केला. 'दीक्षा' उपयोजनाचा वापर वाढला. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. मुलाने घरातल्या आणि परिसरातल्या वस्तू हाताळून शिकावे, अशी तिची मांडणी होती, ही बाब येथे आवर्जून नोंदविली पाहिजे. पडद्यासमोर बसलेल्या मुलाला पडद्याबाहेर पाठविण्याचा तो प्रयत्न होता.

परंतु या व्यवस्थेचा पाया किती अरुंद होता, हे आकडेवारीवरून दिसून येते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ १४.९ टक्के कुटुंबांकडे महाजालाची सुविधा होती. 'असर' अहवालांनुसार, शाळेत जाणारी मुले असलेल्या ग्रामीण कुटुंबांतील स्मार्टफोनचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. ही वाढ लक्षणीय होती. तथापि २०२१ च्याच अहवालात असेही आढळले की, घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो प्रत्यक्षात वापरायला मिळत नव्हता. फोन घरात होता, परंतु तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जात होता. साधन घरी असणे आणि ते मुलाच्या हाती असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'घरबसल्या' या शब्दात प्रत्येक मुलाचे घर सारखेच असते असे एक सोयीस्कर गृहीतक दडलेले आहे. एका खोलीच्या घरात भावंडे, स्वयंपाक आणि दूरचित्रवाणी यांच्या गर्दीत अभ्यास करणारे मूल त्या गृहीतकात बसत नाही.

शाळा मुलाकडे नेण्याची मराठी परंपरा

मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार महाराष्ट्राला तंत्रज्ञानाने शिकविलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये जे कार्य केले, त्याचा गाभाच हा होता. अंगणवाडी, कुरणशाळा हे शब्द त्या कार्यातून मराठीत रुजले. गुरे राखणारे मूल वर्गात येत नाही, म्हणून शिक्षिका कुरणावर गेली. तेथील पाने, बिया, दगड, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य झाले.

या प्रयोगाची ऑनलाइन शिक्षणाशी तुलना केली असता एक मूलभूत भेद स्पष्ट होतो. कुरणशाळेत शिक्षक मुलाच्या परिस्थितीत प्रवेश करीत असे आणि ती परिस्थितीच अभ्यासाचा विषय बनत असे. ऑनलाइन वर्गात मात्र वर्गाचे चित्र मुलाच्या घरात प्रवेश करते आणि मुलाची परिस्थिती त्या चित्राच्या चौकटीबाहेर राहते. त्या तासापुरते मुलाने आपले घर विसरावे, अशीच अपेक्षा असते. दोन्ही ठिकाणी शाळा मुलाकडे गेली असे म्हणता येईल. परंतु पहिल्या प्रयोगात तिने मुलाचे जग पाहिले, दुसऱ्यात केवळ आपले जग दाखविले. आभासी सांस्कृतिक भेटीच्या मूल्यमापनासाठी हा भेद कसोटीसारखा वापरता येतो.

आभासी भेटीचे बलस्थान

आभासी भेटीला सरसकट कृत्रिम म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. काही स्थळांच्या बाबतीत ती प्रत्यक्ष भेटीहून उपकारक ठरते. अजिंठ्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या लेण्यांतील भित्तिचित्रांना प्रेक्षकांच्या श्वासोच्छ्वासातील बाष्पाचा आणि वाढणाऱ्या उष्णतेचा उपद्रव होतो. मंद प्रकाशात, गर्दीत आणि मोजक्या मिनिटांत सामान्य विद्यार्थ्याला त्या चित्रांतील फारच थोडे दिसते. उच्च प्रतीच्या छायाचित्रात तोच विद्यार्थी एखाद्या मुद्रेचा, दागिन्याचा किंवा वस्त्राच्या वेलबुट्टीचा तासभर अभ्यास करू शकतो.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहासही येथे ध्यानात घ्यावा लागेल. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने या चित्रांच्या प्रती केल्या. त्यांपैकी बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती केल्या आणि त्यांतीलही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनमधील आगीत भस्मसात झाल्या. प्रेक्षकांसाठी केलेल्या प्रती अशा रीतीने दोनदा जळाल्या. परंतु लेण्यांत बसून वर्षानुवर्षे रेषा गिरविणाऱ्या विद्यार्थ्यांचे जे शिक्षण झाले, ते जळणारे नव्हते. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखा चित्रकार त्या कामातून घडला. १९०९ ते १९११ या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्या उपक्रमात सहभागी झालेल्या नंदलाल बोस यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. प्रतिकृती पाहणाऱ्याला जे मिळते, त्याहून ती तयार करणाऱ्याला अधिक मिळते, हे या इतिहासाचे तात्पर्य होय.

अलीकडच्या काळात आभासी भेटीची साधने पुष्कळ वाढली आहेत. १ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलचा कलाप्रकल्प १७ संग्रहालयांसह सुरू झाला. २०१२ च्या विस्तारात दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय त्यात सहभागी झाले. मराठी संस्कृतीच्या अभ्यासकाला त्याहून जवळचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या टप्प्याटप्प्याने लोकांसमोर आणल्या. येथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव आणि अनेकदा तिचा आवाजही मिळतो. जाते घराघरांतून हद्दपार झालेले असताना आजच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष भेटीतही जे क्वचितच मिळेल, ते येथे ऐकता येते. नष्ट होणारे, नाजूक, विखुरलेले किंवा अतिदूर असलेले सांस्कृतिक धन विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविणे, हे आभासी भेटीचे खरे कार्यक्षेत्र आहे, असे या उदाहरणांवरून दिसते.

या दोहोंच्या मधला मार्गही महाराष्ट्राने पाहिला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली. वस्तूंसह संग्रहालयच शाळेच्या दारात उभे राहू लागले. भेट घडविण्याचे पर्याय पडदा आणि लांबचा प्रवास एवढ्या दोहोंपुरते मर्यादित नाहीत, हे या उपक्रमाने दाखवून दिले.

हिवरे बाजार पडद्यावर दिसेल काय ?

आता प्रश्न हिवरे बाजारचा. अजिंठ्यात पाहावयाची वस्तू भिंतीवर आहे. हिवरे बाजारमध्ये पाहावयाची वस्तू नेमकी कोणती ? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

नगर तालुक्यातील, पर्जन्यछायेच्या प्रदेशातील हे गाव सुमारे ९७६ हेक्टर क्षेत्राचे आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर उजाड डोंगर, आटलेल्या विहिरी, व्यसने, भांडणे आणि स्थलांतर असे त्याचे चित्र होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे १९९० च्या दशकात गावाचा आदर्श गाव योजनेत समावेश झाला. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान या पंचसूत्रीचा अवलंब झाला. डोंगरउतारांवर समतल चर खोदले गेले, बांध घातले गेले, झाडे लावली गेली. शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास आणि ऊस, केळी यांसारखी अधिक पाणी पिणारी पिके घेण्यास मनाई करण्यात आली. पडलेला पाऊस मोजून, माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम देऊन, उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची याचा विचार ग्रामसभेत होऊ लागला. या पद्धतीस पाण्याचा ताळेबंद असे म्हणतात. बाहेर गेलेली अनेक कुटुंबे गावात परतली. या कार्याबद्दल पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या गावाची पडद्यावरील भेट कल्पिली तर कॅमेरा काय टिपेल ? हिरवा डोंगर, स्वच्छ रस्ते, भरलेले बंधारे, रंगविलेल्या भिंती. हे सर्व खरे आहे, पण ते फलित आहे. ज्या गोष्टींमुळे हे फलित मिळाले, त्यांतील बहुतेक गोष्टी दिसणाऱ्या नाहीत. कूपनलिकेवरील बंदीचे छायाचित्र काढता येत नाही, कारण ती न खोदलेल्या कूपनलिकेच्या रूपाने अस्तित्वात असते. न लावलेला ऊस चित्रफितीत येत नाही. पाणी हाताशी असताना ते न उपसण्याचा निर्णय एखाद्या शेतकऱ्याने का मान्य केला, हे ड्रोनच्या उंचीवरून कळत नाही. हिवरे बाजारची संस्कृती ही मुख्यतः संयमाची संस्कृती आहे आणि संयम ही दृश्य वस्तू नव्हे.

दुसरी अडचण काळाची आहे. आभासी भेट काही मिनिटांत पूर्वीचे उजाड गाव आणि नंतरचे हिरवे गाव शेजारीशेजारी ठेवते. त्या दोन चित्रांमध्ये गेलेली वर्षे, झालेले वाद, फसलेले प्रयत्न आणि पावसाने दिलेली हुलकावणी मधल्या मधे गळून पडतात. विद्यार्थ्याच्या मनावर ठसा उमटतो तो चमत्काराचा. चमत्कारातून भक्ती निर्माण होते, अभ्यास निर्माण होत नाही. चराईबंदीचा भार भूमिहीन पशुपालकाने कसा पेलला, नसबंदीच्या सूत्राविषयी गावातील स्त्रियांना काय वाटले, नियम मोडणाऱ्याशी गाव कसे वागले, हे प्रश्न समाजशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या आणि स्त्री-अभ्यासाच्या विद्यार्थ्याने विचारले पाहिजेत. पूर्वनियोजित चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही. तिने ज्याचे उत्तर आधीच दिले आहे, तेवढेच तिच्याकडून मिळते.

तिसरी बाब परस्परतेची आहे. क्षेत्रभेटीत विद्यार्थी गावाला पाहतो, तसेच गावही विद्यार्थ्याला पाहते. तो कोणत्या गावचा, त्याच्या गावात पाण्याचे काय, त्याच्या घरी शेती किती, असे प्रश्न त्याला विचारले जातात. स्वतःच्या गावाविषयी आपल्याला काहीच सांगता येत नाही, ही जाणीव कित्येकदा अशा भेटीची मोठी कमाई ठरते. पडद्यावरील गाव विद्यार्थ्याला काहीही विचारत नाही.

प्रत्यक्ष सहलीची उलटतपासणी

याचा अर्थ प्रत्यक्ष सहल आपोआप श्रेष्ठ ठरते असा मात्र नाही. सकाळी निघालेली बस, दोन आदर्श गावे आणि एक तीर्थक्षेत्र, मधे भोजन, फलकासमोर समूहछायाचित्र आणि रात्री परत, असे अनेक अभ्यास सहलींचे स्वरूप असते. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार एका दिवसात 'उरकणाऱ्या' सहलीत विद्यार्थी एक व्याख्यान ऐकतो, चार दृश्ये पाहतो आणि अहवालात सर्वांसारखेच परिच्छेद उतरवितो. ही भेट देहाने प्रत्यक्ष असली तरी आशयाने आभासीच म्हणावी लागेल. किंबहुना आभासी भेटीला आज जी सहज मान्यता मिळत आहे, तिचे एक कारण प्रत्यक्ष सहलीचे हे पोकळपण आहे. जिच्यातून फारसे मिळत नव्हते, ती गमावल्याचे दुःखही फारसे होत नाही.

सहलीच्या खर्चाचा प्रश्नही डोळ्यांआड करता येत नाही. वर्गणी देऊ न शकणारा विद्यार्थी त्या दिवशी आजारी असल्याचे सांगतो, हे प्राध्यापकवर्गास अपरिचित नाही. आभासी भेट अशा विद्यार्थ्याला निदान काहीतरी देते, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु त्याचा परिणाम काय होतो, हेही पाहिले पाहिजे. ज्या महाविद्यालयांकडे साधने आहेत त्यांचे विद्यार्थी क्षेत्रात जातील आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांचे विद्यार्थी पडद्यावर क्षेत्र पाहतील, अशी विभागणी झाल्यास गुणपत्रिकेवर दोघांचेही श्रेयांक सारखेच दिसतील. विषमता नाहीशी होणार नाही, ती केवळ नोंदीतून पुसली जाईल. म्हणून खर्चाच्या अडचणीवरचा उपाय पडद्यात शोधण्यापूर्वी तो जवळच्या क्षेत्रात शोधणे अधिक न्याय्य ठरते. प्रत्येक महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर एखादी बारव, वीरगळ, आठवडे बाजार, दूध संकलन केंद्र किंवा ओढा असतोच.

गावाने दिलेले उत्तर

महामारीच्या काळात हिवरे बाजारने घेतलेली भूमिका या संदर्भात उद्बोधक आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गावात रुग्ण आढळल्यानंतर स्वयंसेवकांची पथके नेमून घरोघरी पाहणी करण्यात आली, बाधितांना वेळीच वेगळे करून उपचारांची व्यवस्था झाली आणि मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झाल्याचे जाहीर झाले. ही पद्धत जिल्ह्यात 'हिवरे बाजार पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. त्यानंतर जून २०२१ मध्ये, राज्यातील बहुतेक शाळा ऑनलाइन असताना, गावाने आपल्या मुलांचे प्रत्यक्ष वर्ग भरविण्यास प्रारंभ केला. पुढे १५ जुलै २०२१ पासून राज्य शासनाने कोरोनामुक्त गावांतील आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास अनुमती दिली. त्यासाठी सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समिती आणि ग्रामपंचायतीचा ठराव अशी रचना ठरविण्यात आली. राज्याच्या ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग त्यानंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले.

या घटनाक्रमातून तंत्रज्ञानविरोधाचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पाऊस, विहिरी आणि पिके यांच्या काटेकोर नोंदी ठेवणारे हे गाव तंत्राला विन्मुख नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. 'शाळा कशी चालवावी' या प्रश्नाचे उत्तर उपयोजनात शोधण्याऐवजी गावाने ते सामूहिक शिस्तीत शोधले. आधी आजार आटोक्यात आणला आणि मग वर्ग भरविला. पाण्याच्या बाबतीत जी रीत तेथे अनेक वर्षे पाळली गेली, तीच शिक्षणाच्या बाबतीत वापरली गेली. आधी मोजणी, मग सर्वांनी पाळावयाची मर्यादा आणि त्यानंतर उपभोग, असा तो क्रम आहे. अर्थात छोट्या, एकजिनसी आणि नेतृत्वसंपन्न गावाला जे जमले ते महानगरातील वस्तीला तसेच्या तसे जमले असते, असे म्हणता येणार नाही. तरीही पर्याय संपले होते हे सर्वत्र गृहीत धरले जात असताना एका गावाने पर्याय शोधला, याचे महत्त्व कमी होत नाही.

आभासी भेटीसाठी काही निकष

उपरोक्त विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन स्तरावर आभासी भेटीचा उपयोग करताना पुढील निकष विचारात घेता येतील.

पहिला निकष विषयाच्या स्वरूपाचा आहे. अभ्यासाचा विषय वस्तू असेल, म्हणजे चित्र, शिल्प, हस्तलिखित, ध्वनिमुद्रण असेल, तर आभासी भेट बऱ्याच अंशी पुरेशी ठरू शकते. अभ्यासाचा विषय व्यवहार असेल, म्हणजे ग्रामसभा, बाजार, शेती, यात्रा असेल, तर ती केवळ पूर्वतयारी ठरते.

दुसरा निकष स्रोताचा आहे. चित्रफीत कोणी, केव्हा आणि कशासाठी तयार केली, तिच्यात कोण बोलते आणि कोण बोलत नाही, याची नोंद विद्यार्थ्याने केली पाहिजे. शासकीय जाहिरातीसाठी केलेली चित्रफीत आणि गाणाऱ्या बाईच्या नावासह जतन केलेली ओवी यांचे प्रामाण्य सारखे नाही.

तिसरा निकष श्रेयांकाचा आहे. क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक देताना विद्यार्थ्याने स्वतः मिळविलेली किमान एक प्राथमिक नोंद आवश्यक मानावी. ती एखाद्या विहिरीची पाणीपातळी असेल, एखादी मुलाखत असेल किंवा एखाद्या वीरगळाचे मोजमापांसह वर्णन असेल. आजारपण, अपंगत्व किंवा घरची जबाबदारी यांमुळे बाहेर पडू न शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही नोंद त्याच्या घरातूनच होऊ शकते. आजीची मुलाखत हे क्षेत्रकार्यच आहे.

चौथा निकष दिशेचा आहे. विद्यार्थ्याला आभासी भेटीचा केवळ प्रेक्षक न ठेवता तिचा कर्ता करावे. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाची बारव, समाधी, जुने वाडे, पाणवठे, बोली आणि ओव्या यांची सचित्र, सप्रमाण नोंद केल्यास ती इतर महाविद्यालयांना उपयोगी पडेल आणि करणाऱ्याचे शिक्षण प्रेक्षकाच्या शिक्षणाहून पक्के होईल. अजिंठ्यात रेषा गिरविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उदाहरणाचा आजचा अर्थ हाच आहे. गूगलच्या संग्रहात जगातील नामांकित संग्रहालये आहेत. परंतु नगर तालुक्यातील एखाद्या पाणवठ्याची नोंद तेथील विद्यार्थ्याने केली नाही तर ती बहुधा कोणीच करणार नाही.

समारोप

घरबसल्या शिक्षण आणि आभासी सांस्कृतिक भेट ही साधने आता टिकणार आहेत. त्यांच्या विरोधात उभे राहण्यात अर्थ नाही आणि त्यांच्यापुढे विवेक गहाण टाकण्यातही नाही. जे दूर आहे, नाजूक आहे आणि लोप पावत आहे, ते पडद्याने जवळ आणावे. जे जवळ आहे आणि चालू आहे, तेथे विद्यार्थ्याने पायी जावे. हिवरे बाजारसारख्या गावाचे मोल तेथील हिरवाईपेक्षा तेथे घेतल्या गेलेल्या आणि पाळल्या गेलेल्या निर्णयांत आहे. असे निर्णय समजून घेण्यासाठी माणसांशी बोलावे लागते, त्यांच्या अडचणी ऐकाव्या लागतात, एखादा पावसाळा थांबावे लागते. महाविद्यालयाने विद्यार्थ्याला एवढा वेळ आणि एवढी मोकळीक द्यावयाची की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तंत्रज्ञान देणार नाही. ते वेळापत्रक आखणाऱ्या, अंदाजपत्रक मांडणाऱ्या आणि प्रकल्प अहवालावर स्वाक्षरी करणाऱ्या अध्यापकालाच द्यावे लागेल.